माईचा पडताळा

सुजय भोसले मॉनिटरसमोर बसून माझ्याशी पेट्रोलवरून वाद घालत होता, आणि समोर मॉनिटरवर माझ्या आईने पोटात सुई टोचून घेतली.

वाद नेहमीचाच होता. मालिकेत जग बुडून वर्ष होत आलं होतं आणि दिग्दर्शक म्हणून सुजयला एक जीप घाटातून पळवायची होती. टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा हवेने चिकट गाळ होतो, हे मी त्याला पुन्हा एकदा समजावत होते.

“केतकीताई, निदान चालू तरी होऊ दे की.”

“चालू होईल कदाचित. घाट चढणार नाही.”

“मग काय बैलगाडी घेऊ? जग बुडलंय ताई, कृषी प्रदर्शन नाही भरलं.”

मॉनिटरवरचा शॉट साधा होता. पाणी आणायला गेलेली माणसं परतलेली नाहीत आणि बंद सूतगिरणीच्या स्वयंपाकघरात माई एकटी त्यांची वाट बघते आहे. माई म्हणजे माझी आई, उज्ज्वला साळवी. संवाद नव्हते. सुजयने तिला एवढंच सांगितलं होतं की हाताला काहीतरी बिझनेस घ्या. नटमंडळी हाताच्या कामाला बिझनेस म्हणतात: तांदूळ निवडणं, वाती वळणं. चाळीस वर्षं नाटकात घालवलेल्या आईला तांदूळ निवडायचा कंटाळा होता. त्यातून जेवणाची सुट्टी लांबलेली आणि तिची वेळ झालेली. तिने कमरेच्या पिशवीतून स्वतःचं इन्सुलिनचं पेन काढलं, झाकण दातांत धरलं, पदराआड हात नेला, टोचलं, ओठांतल्या ओठांत दहा मोजले, आणि मग दाराकडे पाहिलं. त्या पाहण्याने सेटवरची कुजबूज थांबली.

“कट,” सुजय हळूच म्हणाला. “काय डिटेल आहे राव!”

“डिटेल गेलं चुलीत,” आई आतून ओरडली. “डबा आला का? दहा मिनिटांत खायला दिलं नाहीत तर इथेच आडवी होईन.”

सगळे हसले. मीही हसले. तो शॉट तसाच प्रसारित झाला, आणि पडताळ्याने माईचं इन्सुलिन लक्षात ठेवलं.

सहा वर्षांपूर्वीच्या सौरवादळानंतर पडताळा नावाची ही संगणकप्रणाली आली. सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की ते क्षेत्र हेलकावतं, आणि त्या हेलकाव्याने लांबलचक वीजवाहिन्यांत नको असलेला प्रवाह वाहू लागतो. मोठ्या रोहित्रांना, म्हणजे ट्रान्सफॉर्मरना, तो झेपत नाही. त्यांची वेटोळी तापतात, वितळतात. अशी रोहित्रं दुकानात तयार मिळत नाहीत. एकेक बनवून यायला महिनेच्या महिने जातात. आपल्या अक्षांशावर हे सहसा होत नाही. त्या मे महिन्यात झालं. कुठून कुठून जुनी रोहित्रं आणून जोडेपर्यंत आमच्या भागात तीन आठवडे वीज नव्हती.

अंधारात लोकांनी जे केलं, त्यातलं बरंचसं त्यांनी पडद्यावर पाहिलेलं होतं. पडद्यावर बंद तळघरात जनरेटर चालतो आणि नायक त्याच्या शेजारी झोपतो. लोकांनीही तसं केलं आणि ते सकाळी उठले नाहीत. पडद्यावर आजीबाईच्या काढ्याने साखर उतरते. लोकांनी काढे केले. पुढे चौकशी झाली, आकडे आले, आणि नियम झाला की आपत्तीवरची प्रत्येक मालिका पडताळ्यातून गेली पाहिजे.

पडताळा काही फार हुशार नाही. कथेत दिसलेली प्रत्येक वस्तू तो ध्यानात ठेवतो आणि तिला म्हातारी करत नेतो, एवढंच त्याचं काम. पेट्रोल विटतं, बॅटरीच्या पट्ट्यांवर क्षार चढतात, धान्याला कीड लागते, औषधाचे रेणू मोडतात. पात्रंही त्याच्या लेखी शरीरंच: किती खाल्लं, किती चाललं, किती झिजलं. मग पुढचा प्रसंग तो हजारो वेळा घडवून पाहतो, दर वेळी परिस्थितीत थोडा फरक करून. निम्म्याहून अधिक वेळा तो घडू शकला तर ठीक. नाहीतर प्रसारणाच्या वेळी पडद्याच्या तळाशी लाल पट्टी येते: ‘असे घडणे अशक्यप्राय आहे.’ लाल पट्टीबरोबर जाहिरात करायला कुणी तयार नसतं. म्हणून प्रत्येक मालिकेला जीवरसायनशास्त्र किंवा तसलं काही शिकलेलं, दर भागावर सही करणारं एक माणूस लागतं. आमच्या मालिकेला मी होते. कॉलेजातली नोकरी सोडून मी हे का धरलं, असं कुणी विचारलं तर मी सांगत असे की इथे निदान विद्यार्थी ऐकतात. ते खरं नव्हतं. सुजय कुठे ऐकत होता?

आईला मी आणलं नव्हतं. तिने मला न सांगता ऑडिशन दिली. बाबा गेल्यापासून ती सांगलीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीशी बसून खालच्या पार्किंगमधल्या लोकांना नावं ठेवायची. माई मिळाल्यावर ती पहाटे उठून आवाजाचे व्यायाम करू लागली. शेजारचे तक्रार घेऊन आले, तेव्हा मला फार बरं वाटलं.

सुईच्या शॉटनंतरही वाचता आलं असतं. मधुमेहाचे दोन प्रकार असतात. दुसऱ्या प्रकारात शरीरात थोडं इन्सुलिन बनत असतं. औषध संपलं तरी माणूस खंगत का होईना, बरेच दिवस काढू शकतो. माईला दुसरा प्रकार आहे असं मी पडताळ्याला सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी तसं सांगणारच होते. पण त्याच आठवड्यात मालिकेतली लहान सून माईला विचारते, ‘तुम्हाला भीती नाही वाटत?’ लेखकाने उत्तरात देवावरच्या विश्वासाबद्दल दोन ओळी दिल्या होत्या. आईला त्या बोलवेनात. तिने स्वतःचंच आयुष्य बोलून टाकलं.

“भीती कसली, पोरी? तिशीत ताप आला आणि स्वादुपिंडाने काम सोडलं. तेव्हापासून ह्या सुईवर उभी आहे. ही संपली की मी चार दिवसांची पाहुणी. हे माहीत असलेल्या बाईला तू काय घाबरवणार?”

ते वाक्य लोकांनी उचललं. चहाच्या टपऱ्यांवर त्याचे फलक लागले. म्हणजे पहिला प्रकार, ज्यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. माझ्याकडे आता बदलायला काही उरलं नाही.

इन्सुलिन एक प्रथिन आहे, विशिष्ट घडीत दुमडलेलं. उन्हाळ्याच्या उष्णतेत ती घडी उलगडते, रेणू एकमेकांना चिकटतात आणि औषधाचं पाणी होतं. फ्रीजविना ते महिना-दीड महिना बरं राहतं. माई ते मडक्यात ठेवायची: मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. वाळूतलं पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं. ही कल्पनाही आईचीच. अंधाराच्या तीन आठवड्यांत तिचं औषध आम्ही असंच राखलं होतं. मडक्याने औषधाचं आयुष्य वाढतं, संपलेलं औषध परत येत नाही. कोल्हापूरपर्यंतच्या औषध-दुकानांतून मालिकेतल्या लोकांनी जे गोळा केलं होतं, तेही आता विटत आलं होतं. दर आठवड्याला मी पडताळा चालवायचे आणि माई जिवंत असण्याची शक्यता थोडी खाली आलेली असायची. पन्नासच्या जवळ आली तेव्हा चॅनेलची रेवती पुण्याहून गाडी करून आली.

रेवती माणूस म्हणून वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं होती.

“माई गेली तर मालिका जाते,” तिने खुर्चीत बसतानाच सांगितलं. “लोक आठ वाजता माईसाठी बसतात. हिरोईनसाठी तिची आईसुद्धा बसत नाही.”

“माझ्या हातात काय आहे?”

“आहे. श्रद्धेचं कलम.” तिने मोबाइल पुढे सरकवला. नियमात तशी सोय होती: एखादी गोष्ट ‘पात्राची श्रद्धा’ म्हणून दाखवली, तर पडताळा ती तपासत नाही. देवाला कौल लावणं, नजर काढणं, अशांसाठी ते ठेवलं होतं. “माई कारलं, जांभळाच्या बिया, कडुनिंब असा काढा घ्यायला लागते. तिची श्रद्धा. ती जगते. काढ्यानं जगली असं आपण कुठेच म्हणत नाही. नुसतं दाखवतो. तुझी सही लागेल, बस.”

“आणि घरी बसलेली माणसं?”

“केतकी, लोकांना कळतं गं मालिका आणि खरं.”

त्या तीन आठवड्यांच्या अंधारात दुसऱ्या आठवड्यात मी एका तालुक्याच्या गावी मदतीला होते. बर्फ येईल तशी औषधं लावून ठेवायचं काम होतं. एक माणूस नऊ-दहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. तिला इन्सुलिन चालू होतं, घरात शिल्लकही होतं. पण ते खराब झालं असेल या भीतीने आणि मोबाइलवरच्या एका बाईवर भरवसा ठेवून त्यांनी तिला चार दिवस कारल्याचा रस पाजला होता. मुलगी मोठाले, खोल श्वास घेत होती, पळत आल्यासारखे, आणि पडून होती. तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळांचा वास येत होता. तो वास मला लहानपणापासून माहीत होता. बार्शीच्या दौऱ्यात आईचा बर्फाचा थर्मास लॉजवर राहिला, तेव्हा तिच्याही तोंडाला तोच आला होता. आई वाचली. मुलगी वाचली नाही. तिचे वडील मला सारखे विचारत होते की रस कमी पडला का.

“मी सही नाही करणार,” मी रेवतीला म्हणाले.

“मग माईला तूच मारलंस,” ती थकल्या आवाजात म्हणाली आणि उठली. “उज्ज्वलाताईंना तूच सांग.”

आईला माझ्या आधी सुजयने सांगितलं होतं. मी घरी पोचले तेव्हा ती जेवायची थांबली होती. म्हणजे ती चिडली होती. तिला वेळेवर जेवायला लागतं आणि माझ्यावर राग काढायचा तिचा तो एकच मार्ग आहे.

“ये. आलीस? मुलगी माझी का त्या यंत्राची?”

“आधी जेव.”

“एका सहीनं काय होतं गं? नाटकात मी रोज विष प्यायचे. प्रेक्षकांनी कधी घरी जाऊन विष प्यायलं नाही.”

“विष चांगलं असतं असं नाटकात कुणी म्हणत नव्हतं.”

“शहाणीच आहेस.” तिने ताट पुढे ओढलं, पण घास घेतला नाही. “केतके, मला सत्तरी आली. ह्या नंतर मला कोण बोलावणार आहे? खिडकीशी बसून परत त्या पाटलाच्या गाडीला नावं ठेवू?”

मी म्हणाले, “मला एक आठवडा दे.”

त्या आठवड्यात मी माईला खरोखर वाचवायचा प्रयत्न केला. रस्ता होता. शंभर वर्षांपूर्वी इन्सुलिन प्राण्यांच्या स्वादुपिंडातूनच काढत. दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये अडकलेल्या एका निर्वासित जोडप्याने म्हशींच्या स्वादुपिंडातून ते बनवलं होतं आणि स्वतःबरोबर इतरांनाही जगवलं होतं. आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये स्वादुपिंड कालवायचं, म्हणजे त्यातले पाचक रस इन्सुलिनला खात नाहीत. मग आम्लता सावकाश बदलत नेली की एका टप्प्याला ते साका होऊन खाली बसतं. आमच्या भागात साखर कारखाने आहेत, त्यांच्या आसवन्यांत अल्कोहोल आहे. आम्ल बॅटऱ्यांत आहे. म्हशी घरोघर आहेत. मी सगळं पडताळ्यात भरलं. शंभरात नऊ वेळा जमलं. बाकीच्या वेळी द्रावण किती तीव्र झालं हे कळायला मार्ग नव्हता: कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर साखर एकदम उतरून माणूस झोपेतच जातो. शांघायमध्ये त्यांनी ते आधी सशांवर तपासलं होतं.

“मग ससे आण की,” आई म्हणाली. ती आता रोज संध्याकाळी माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत बसायची.

मी ससे घातले. मालिकेतल्या वाचलेल्या लोकांत औषध कंपनीतून निवृत्त झालेला एक रसायनतज्ज्ञ घातला. आकडा चढत चढत पन्नासच्या वर गेला. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी आइस्क्रीम खाल्लं. तिने अर्धा चमचा, आणि मी उरलेलं.

रेवतीने फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“म्हैस?”

“स्वादुपिंड. म्हशीचं.”

“कत्तलखान्यातून आणलेलं. आणि ते माई टोचून घेणार. केतकी, आठ वाजता लोक ताटावर बसलेले असतात. आमच्या निम्म्या जाहिराती शुद्ध तुपाच्या आहेत.”

“पण हे शक्य आहे.”

“काढाच बरा,” ती म्हणाली. “काढ्यात कुणी मरत नाही.”

शनिवारी आईला फळं हवी होती म्हणून आम्ही दोघी बाजारात गेलो. ती पेरू दाबून बघत होती आणि विकणारा वैतागत होता, तेवढ्यात एक बाई आली आणि भर रस्त्यात तिच्या पाया पडली. चाळिशीची असेल. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम.

“माई! अगं बाई, खरंच माईच की! आमच्या घरात तुमच्याशिवाय जेवण होत नाही.”

आईची पाठ ताठ झाली. अशा वेळी ती नेहमी दोन इंच उंच होते. “काय नाव तुझं?”

“सुरेखा. माई, तुम्ही मडक्यात ठेवता ना औषध, तस्संच मी पण ठेवते. माझ्या मुलाचं. सातवीत आहे.” तिने आवाज खाली आणला. “माई, एक विचारू? तुमचं इन्सुलिन संपत आलंय ना आता. मग तुम्ही काय घेणार? सांगून ठेवा, म्हणजे मी आत्तापासून जमवून ठेवते. परत कधी तसा अंधार झाला तर.”

आईच्या हातात पेरू होता. तिने तो परत ढिगावर ठेवला, हळूच, जणू तो फुटेल.

“बाळाला सुईच दे,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही. कुणीही काहीही सांगितलं तरी.”

“पण मालिकेत—”

“मी सांगते आहे ना!” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की फळवाला वजन करायचा थांबला.

आम्ही रिक्षाने परत निघालो. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. नदीवरून गरम वारा येत होता.

“किती दिवस लागतात?” तिने विचारलं. “मरायला.”

“चार-पाच. थोडं विटकं इन्सुलिन मिळत असेल तर आठवडाभर.”

“सोमवारी सुरू केलं तर?”

“सोमवारी तहान. सारखी तहान, सारखी लघवी. मग उलट्या, पोटदुखी. गुरुवारपासून श्वास बदलेल.”

“शनिवारी मरते,” आई म्हणाली. “शनिवारी महाएपिसोड असतो.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर रिक्षावाल्याच्या टाळूकडे बघत होती.

“आई, तू म्हणालीस की परत तुला कोणी—”

“म्हणाले. ते खरंच आहे. म्हणून काय त्या पोराला कारलं पाजू?” थोड्या वेळाने ती म्हणाली, “रेवतीला फोन तू कर. माझ्याच्याने होणार नाही. मी रडेन आणि मग ती मला पटवेल.”

मी केला. रेवती खूप भांडली. शेवटी आईने फोन घेतला आणि सांगितलं, की काढ्याचा पेला कॅमेऱ्यासमोर आला तर ती तो ओतून देईल आणि का ओतला तेही बोलेल, आणि आपण काय बोलतो ते लोक टपऱ्यांवर लावतात. “माईच मेली तर निदान टीआरपी येईल,” असं काहीतरी रेवती म्हणाली. त्या आवाजात मला सुटका ऐकू आली. कदाचित मला ती ऐकायची होती.

शनिवारच्या चित्रीकरणाला सुजयने लेखकाकडून दोन पानांचं भाषण लिहून आणलं होतं. सूतगिरणीच्या रिकाम्या यंत्रांच्या मधे माई पडली आहे, भोवती सगळे, आणि ती एकेकाला बोलावून सांगते: माती, माणुसकी, पुढची पिढी. सुजयला स्वतःलाच ते वाचताना भरून आलं होतं.

आईने कागद चष्म्याशिवाय लांब धरून वाचला आणि घडी घालून परत दिला.

“केतके, तो श्वास कसा असतो? सांग याला.”

“रक्तात आम्ल साठतं,” मी म्हणाले. “शरीर ते कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकायला बघतं. म्हणून खोल आणि जलद. माणूस झोपेत असला तरी. थांबत नाही.”

आईने डोळे मिटले आणि तो श्वास घ्यायला सुरुवात केली. बार्शीचा श्वास.

“आता,” ती मधेच थांबून म्हणाली, “ह्या दमात ‘मातीशी इमान राखा’ म्हणून दाखव.”

सुजयने खरंच करून बघितलं. ‘माती’पर्यंत गेला आणि खोकला.

“ताई, पण काहीतरी तर बोला. दोन शब्द. लोक वाट बघणार.”

“चाळीस वर्षं मी मरताना बोलत आले रे. सुरी लागून बोलले, पाण्यात बुडून बोलले, विष पिऊन दीड पान बोलले आणि वर टाळ्या घेतल्या. ह्या दमात वाक्य येत नाही. आता मला गप मरू दे.”

मेकअप तिने उतरवला. ओठ सुकलेले दिसावेत म्हणून दुपारपासून पाणी बेताने प्यायली. मी ओरडल्यावर एक पेला घेतला. मॉनिटरशेजारी बसून मी साखर मोजायचं यंत्र हातात धरलं होतं आणि प्रत्येक शॉटनंतर तिचं बोट टोचत होते. असे श्वास मुद्दाम घेतले की उलट होतं: रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तेवढा कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं. तिला ते सगळं होत होतं. तिसऱ्या वेळी तिने मला डोळ्यांनी खूण केली, की आता हा शेवटचा.

त्या शॉटमध्ये लहान सून तिचा हात धरून बसते. माई श्वास घेत राहते. सून मडक्यातून रिकामं पेन काढते, हलवून बघते, परत ठेवते. माईचे डोळे एकदा उघडतात, दाराकडे जातात, जसे त्या पहिल्या शॉटमध्ये गेले होते. मग श्वास उथळ होत जातो. मधे अंतर पडतं. परत एक येतो. मग येत नाही.

सुजय ‘कट’ म्हणायचा विसरला. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आईच शेवटी एका कोपरावर उठली.

“डबा आला का?” तिने विचारलं.

पडताळ्याने तो भाग शंभरातून सत्त्याण्णव वेळा घडू शकतो असं सांगितलं. मी सही केली. इतका वर आकडा त्या मालिकेला कधी मिळाला नव्हता, आणि त्याचं मी काय करायचं ते मला कळलं नाही.

निरोपाला चॅनेलने आईला पुष्पगुच्छ आणि शाल दिली. तिने शाल सेटवरच्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला दिली आणि बदल्यात मडकं मागितलं. दोन्ही मडकी, वाळूसकट. सुजयने ती स्वतः गाडीत ठेवली आणि आईच्या पाया पडला. “परत बोलावतो ताई,” तो म्हणाला. तो खरं बोलत होता असं मला वाटतं, पण बोलावलं नाही. मालिका माईशिवायही चालली. आई रोज आठ वाजता ती बघते आणि सूनबाईने पळी चुकीच्या हातात धरली आहे असं सांगते. बाकीचा दिवस खिडकी आणि पाटलांची गाडी. आवाजाचे व्यायाम तिने बंद केले. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “कुणासाठी?”

मग मे महिना आला. एका रविवारी सकाळी वीज गेली आणि दुपारपर्यंत आली नाही. सौरवादळ वगैरे काही नव्हतं. कुठेतरी भार वाढून काहीतरी जळलं होतं. तरी सहा वर्षांपूर्वीचं सगळ्यांच्या मनात होतं. जिन्यात माणसं हळू आवाजात बोलत होती. आईने काही न बोलता मडकी बाल्कनीतल्या सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर मांडली. मी फ्रीजमधलं तिचं औषध काढून आत ठेवलं.

दारावर टकटक झाली. पहिल्या मजल्यावरचे मुजावरकाका होते. हातात स्टीलचा डबा, वर ओला रुमाल.

“उज्ज्वलाताई, मडक्यात थोडी जागा आहे का? आमच्या हिचं, रझियाचं औषध आहे.”

“आहे की. या.” आईने डबा घेतला. “पण काका, सांगून ठेवते, याच मडक्याशेजारी माई मेली हं.”

“मेली, बघितलं की.” काका उंबऱ्यातच टेकले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. “म्हणूनच आलो. आमच्या घरात सुई कमी करून काढा प्यायचं चाललं होतं. तिच्या बहिणीनं कुठनं तरी आणून दिलेला. त्या शनिवारी रझियानं तुमचा तो दम बघितला. उठली आणि काढा मोरीत ओतला. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.”

आईने पदराने डबा पुसला आणि विचारलं, “दम कसा वाटला, काका?”

“खोटं कशाला बोलू? टीव्ही बंद करावासा वाटला.”

“केलात?”

“नाही. हात उठेना.”

आईची पाठ ताठ झाली. ती डबा घेऊन बाल्कनीत गेली, तिने तो आतल्या मडक्यात आमच्या पेनांच्या शेजारी नीट बसवला आणि फडकं ओढून घेतलं.

“केतके,” ती वळून न बघता म्हणाली, “वाळू सुकली आहे. पाणी आण.”

खाली जिन्यात आणखी कुणाची तरी पावलं वाजत होती. मी कळशी उचलली.